सायकलवरचे हमसफर

आमचे सौंदड नागपूर-रायपूर रस्त्यावरचे गाव. इंग्रजांच्या काळात याच वाटेला ग्रेट ईस्टर्न रोड म्हणत. आज तो राष्ट्रीय महामार्ग आहे आणि रात्रंदिवस ट्रक धावतात. कडेने शाळेच्या मुली सायकलने जातात. शासनाच्या मानव विकास योजनेतून आठवीपासूनच्या मुलींना सायकली मिळतात, त्यातल्याच या.

माझ्या वर्गातल्या एका मुलीला यंदा सायकल मिळाली. आठवडाभर ती सायकलवर आली, मग पुन्हा पायी येऊ लागली. विचारले तर म्हणाली, "बाबा नेतात, मॅडम. राइस मिलवर." मी पुढे काही बोलले नाही. पण त्याच आठवड्यात उर्दूच्या तासाला 'हमसफर' हा शब्द आला. अर्थ विचारला तर एक मुलगा म्हणाला, "नवरा." मागून एक मुलगी म्हणाली, "बायको का नाही?" मी सांगितले, उर्दूत हा शब्द दोघांनाही सारखाच लागतो. हम म्हणजे सोबत, सफर म्हणजे प्रवास. जो बरोबर चालतो तो हमसफर, आणि जी चालते तीही हमसफर.

मग मी त्यांना एका जोडप्याची गोष्ट सांगितली. ती इथे थोडी सविस्तर लिहिते.

फॅनी बुलक वर्कमन ही अमेरिकेची. जन्म 1859. वडील मॅसॅच्युसेट्स राज्याचे गव्हर्नर होते. 1882 मध्ये तिचे लग्न डॉक्टर विल्यम हंटर वर्कमन यांच्याशी झाले. ते तिच्यापेक्षा बारा वर्षांनी मोठे. तब्येतीमुळे त्यांनी डॉक्टरकी सोडली आणि हे कुटुंब युरोपात राहायला गेले. तो काळ सायकलीच्या क्रांतीचा होता. उंच चाकाची धोकादायक सायकल मागे पडून दोन सारख्या चाकांची, साखळीवर चालणारी सायकल आली होती. 1888 मध्ये डनलॉपने हवा भरलेला टायर काढला. बाईमाणसालाही दूरवर जाता येईल असे वाहन जगात पहिल्यांदाच आले होते.

या दोघांनी आधी उत्तर आफ्रिकेतला अल्जीरिया पाहिला. 1895 मध्ये स्पेनमध्ये सुमारे 2,800 मैल सायकल चालवली. मग 1897 च्या अखेरीस ते आशियात आले. श्रीलंका, भारत, ब्रह्मदेश आणि जावा मिळून सुमारे अडीच वर्षांत त्यांनी 14,000 मैल कापले, म्हणजे साडेबावीस हजार किलोमीटर. हिंदुस्थानच्या दक्षिण टोकापासून हिमालयाच्या पायथ्यापर्यंत ते गेले. तेव्हा फॅनी अडतीस वर्षांची होती आणि विल्यम पन्नाशीचे. सोबत चहा, साखर, बिस्किटे, डब्यातले मांस, एकेक पांघरूण, औषधे आणि पंक्चर काढायचे सामान. एखाद्या दिवशी चाळीसपर्यंत पंक्चर व्हायचे. जागा मिळाली नाही तर रेल्वेच्या वेटिंग रूममध्ये झोपायचे. 1904 मध्ये या प्रवासावर दोघांच्या नावाने पुस्तक निघाले.

मला यातली एक गोष्ट फार महत्त्वाची वाटते. फॅनी विल्यमच्या सायकलच्या कॅरिअरवर बसली नव्हती. तिची सायकल वेगळी होती, हँडल तिच्या हातात होते. पुढे हिमालयातल्या मोहिमांत तर एका वर्षी सगळी व्यवस्था फॅनीने पाहायची आणि पुढच्या वर्षी विल्यमने, असा त्यांचा रिवाज होता. 1906 मध्ये नून-कून भागातल्या सुमारे 6,930 मीटर उंचीच्या शिखरावर ती चढली. 1912 मध्ये सियाचीनवर उभी राहून तिने हातातले वर्तमानपत्र कॅमेऱ्यासमोर धरले. त्यावर ठळक अक्षरांत बायकांना मताचा हक्क द्या अशी मागणी होती.

सफरनाम्यांची आपली परंपरा जुनी आहे. इब्न बतूता 1325 मध्ये टांजाहून निघाला, दिल्लीत काझी झाला, आपले दौलताबादही त्याने पाहिले. वाटेत त्याने अनेक लग्ने केली, पण त्या बायका त्याच्या सफरनाम्यात येतात आणि निघून जातात. 15 ऑक्टोबर 1923 रोजी मुंबईहून सहा पारशी तरुण सायकलवर जग पाहायला निघाले. त्यातले आदी हकीम, जाल बापासोला आणि रुस्तम भूमगरा हे तिघे 1928 मध्ये प्रदक्षिणा पूर्ण करून परतले. मोठाच पराक्रम तो. पण सहाही जण पुरुष. म्हणून फॅनीचे नाव पुस्तकाच्या मुखपृष्ठावर असणे मला छोटी गोष्ट वाटत नाही.

इथवर गोष्ट ऐकून मुली खूश होत्या. पण इतिहास शिकवायचा तर अर्धा शिकवून चालत नाही.

हे दोघे आले तेव्हा हिंदुस्थानची हालत काय होती? 1896-97 चा दुष्काळ नुकताच सरला होता आणि 1899-1900 चा त्याहून भयंकर दुष्काळ पुढे उभा होता. आपला भाग तेव्हा मध्य प्रांतात. दोन्ही दुष्काळांत इथे माणसे किड्यामुंग्यांसारखी मेली. मुंबई-पुण्यात प्लेग होता. जून 1897 मध्ये चाफेकर बंधूंनी रँडवर गोळ्या झाडल्या. दुष्काळी कामांवर बाया-माणसे खडी फोडत होती, आणि त्याच खडीचे रस्ते होत होते. वर्कमन जोडपे आमच्या गावावरून गेले असा माझा दावा नाही. पण ज्या देशाच्या रस्त्यांवर त्यांची चाके फिरली, ते रस्ते कोणाच्या हातांनी झाले हे विसरता येत नाही. त्यांच्या लिखाणात जुन्या देवळांचे वर्णन भरभरून आहे. त्या देवळांभोवती जगणाऱ्या माणसांकडे मात्र तेवढे लक्ष नाही.

1898 मध्ये सिक्कीमकडे गेले तेव्हा हमालांशी त्यांचे जमले नाही. हमाल जेवढे चालायला तयार होते, त्याहून यांना बरेच जास्त हवे होते. बर्फात काही दिवस गेल्यावर हमालांनी पुढे जायला नकार दिला. वर्कमन यांनी दोष हमालांना दिला. हमालांची बाजू कोणी लिहून ठेवली नाही, कारण त्यांच्याकडे लेखणी नव्हती.

आणि घरी? त्यांची मुलगी रेचेल इतरांच्या सांभाळात वाढली. एक मुलगा लहानपणीच वारला होता. रेचेल पुढे भूगर्भशास्त्रज्ञ झाली, पण बालपण तिने आईबापाशिवाय काढले.

वर्गात एक मुलगी म्हणाली, "म्हणजे फॅनी चांगली नव्हती का, मॅडम?" मी म्हटले, चांगली-वाईट हा परीक्षेतला प्रश्न आहे, इतिहासातला नाही. तिने हँडल हातात घेतले हे खरे. तिच्यामागे वडिलोपार्जित पैसा होता, गोऱ्या कातडीचा दबदबा होता आणि दुसऱ्यांचे खांदे होते, हेही खरे. दोन्ही एकदम लक्षात ठेवा.

हे बोलले खरे, पण घरी येऊन मलाच स्वस्थ वाटेना. मी स्वतः तेराव्या वर्षी भाईजानच्या सायकलवर शिकले. नववीत गेल्यावर अम्मी म्हणाली, आता बस झाले. अब्बा गप्प राहिले. त्यानंतर बी.एड.पर्यंतचे सगळे शिक्षण मी बसच्या वेळा पाहत केले. म्हणून त्या मुलीची सायकल बापाने घेतली हे कळल्यावर माझ्या मनात आधी राग आला होता.

रविवारी तिच्या घरी गेले. बाप अंगणातच होता. म्हणाला, "मॅडम, मिल दूर आहे. पायी गेलो तर उशीर होते, अन् उशीर झाला का त्या दिवशीची मजुरी जाते." पोती वाहून त्याचा खांदा एका बाजूला उतरला होता. मला हमालांची आठवण झाली. जो खांदा कोणी लिहून ठेवला नाही, तो माझ्यासमोर उभा होता. त्याला काय सुनावणार?

तरी मी म्हटले, "भाऊ, सायकल तिच्या नावाने आली आहे. तीन दिवस तुम्ही, तीन दिवस ती, एवढे तरी करा." मुलगी दारात उभी होती. त्याने तिच्याकडे पाहिले आणि म्हणाला, "बघतो."

सोमवारी ती सायकलवर आली, मंगळवारीही. बुधवारी पायी आली. पण त्या दिवशी तिने स्वतःच येऊन सांगितले, "आज बाबांची पाळी आहे, मॅडम."