निस्तार पत्रक : गावच्या रानाचा कागद

मध्यप्रदेश सरकारने जमीनदाऱ्या आणि मालगुजाऱ्या खालसा करायचा कायदा केला आणि ३१ मार्च १९५१ ही तारीख मुक्रर केली. त्या दिवसापासून गावे, रान, तलाव, नदीवरचे उतार, आठवडी बाजार, पायवाटा हे सगळे जमीनदाराच्या नावावरून उतरून सरकारजमा व्हायचे होते. तेव्हाच्या चांदा जिल्ह्यातली (आजचे चंद्रपूर आणि गडचिरोली) सर्वांत मोठी जमीनदारी अहेरीची. तिचा पसारा अडीच हजार चौरस मैलांहून अधिक. अहेरीचे राजे विश्वेश्वरराव आत्राम थेट सर्वोच्च न्यायालयात गेले. सिरोंचा तहसिलीतली अहेरी जमीनदारी आणि गडचिरोली तहसिलीतली ऐंशी मालगुजारी गावे आपले घराणे पिढ्यान्‌पिढ्या पूर्ण मालकीने भोगत आले आहे, असे त्यांचे म्हणणे होते.

‘विश्वेश्वरराव विरुद्ध मध्यप्रदेश राज्य’ हा खटला आजही कायद्याच्या पुस्तकांत आहे. त्यातला एक मुद्दा मला फार महत्त्वाचा वाटतो. विधानसभेच्या कामकाजाच्या छापील वृत्तांतात हे विधेयक शेवटी मताला टाकून मंजूर झाल्याची नोंदच नाही, तेव्हा कायदा झालाच कुठे, असा राजांच्या बाजूचा एक आक्षेप होता. एका राहून गेलेल्या ओळीवर एवढे रान वाचू शकते का, हे देशाच्या सर्वोच्च पीठापुढे तपासले गेले. विधेयकावर अध्यक्षांचे प्रमाणपत्र होते आणि न्यायालयाने ते ग्राह्य मानले. दरम्यान पहिल्या घटनादुरुस्तीने हा कायदा नवव्या परिशिष्टातल्या १३ कायद्यांत जाऊन बसला होता. १९५२ च्या मे महिन्यात राजांचा अर्ज फेटाळला गेला.

या वादाला खरे तर तीन बाजू होत्या, पण कोर्टात हजर दोनच. एकीकडे जमीनदार, दुसरीकडे सरकार. त्या रानात राहणारा, तिथून नांगराचे लाकूड, घराचा बांबू, चुलीचे सरपण आणणारा माडिया आणि राजगोंड गावकरी पक्षकार नव्हता. त्याच्याकडे दाखवायला दस्तच नव्हता. पण जमीनदारी गेल्यावर याच काळात त्याच्यासाठी एक कागद तयार होऊ लागला. तो म्हणजे निस्तार पत्रक, गावाच्या रोजच्या गरजांसाठी रान-पडीक वापरायच्या हक्कांची नोंद. अहेरी, एटापल्ली, धानोरा या भागांत आज ग्रामसभेच्या फायलीत ज्याची नक्कल मानाने जपून ठेवलेली असते, तो हा कागद.

त्याचे कूळ शोधायला शंभर वर्षे मागे जावे लागते. १८५३ च्या डिसेंबरात नागपूरचे तिसरे रघूजी भोसले वारले, राज्य खालसा झाले, १८६१ मध्ये मध्यप्रांत बनला. भोसल्यांच्या काळात जे पटेल आणि इजारदार सारा गोळा करून भरत होते, त्यांनाच इंग्रजांनी गावाचे मालक ठरवले. हे मालगुजार. चांदा जिल्ह्याचा पहिला मोठा बंदोबस्त, म्हणजे जमिनीची पाहणी करून सारा ठरवण्याचे काम, मेजर ल्यूसी स्मिथने केला. त्याचा अहवाल १८६९ चा. मालकी अशी बाहेरून आणून बसवली, तर गावात आधीपासून चालत आलेल्या वहिवाटीचे काय करायचे, हा प्रश्न बंदोबस्ताच्या अधिकाऱ्यांपुढे लगेच उभा राहिला. मोहाची फुले कोणी वेचायची, तलावाचे पाणी कोणाच्या बांधीला आधी, गुरे कुठवर चरायची, कोतवालाला काय द्यायचे? त्यावर उत्तर भारतातला रिवाज इथे आणला गेला. बंदोबस्ताच्या मिसलीला ‘वाजिब-उल-अर्ज’ नावाचा कागद जोडायचा आणि त्यात गावाच्या चालीरीती लिहून घ्यायच्या. निस्तार पत्रकाचा पूर्वज तो हा. त्याचा मूळ उद्देश सारावसुलीचा. गावकऱ्याचा हक्क त्यात आला तो मालगुजाराच्या मालकीला घातलेली अट म्हणून.

जमीनदाऱ्यांत तर हे संरक्षणही पातळ होते. मालगुजारी मुलखात गावाच्या लागवडीच्या प्रमाणात पडीक सोडून उरलेले रान सरकारने आपल्याकडे ओढले. जमीनदाऱ्यांतले रान मात्र बव्हंशी जमीनदाराकडेच राहिले. आणि जमीनदारी कशी हातची जाते, कशी मिळते, याचे उदाहरण अहेरीच्या मुलखाने १८५८ मध्येच पाहिले होते. मोलमपल्लीचे बाबुराव शेडमाके आणि अडपल्ली-घोटचे व्यंकटराव इंग्रजांविरुद्ध उठले. २९ एप्रिलला चिंचगुंडीला तारखात्याच्या तळावर हल्ला झाला, त्यात गार्टलंड आणि हॉल हे दोघे मारले गेले. पुढे बाबुराव पकडले गेले ते अहेरीच्या जमीनदारीण लक्ष्मीबाईंच्या माणसांकडून, आणि २१ ऑक्टोबर १८५८ ला चांद्याच्या तुरुंगात त्यांना फाशी झाली. व्यंकटरावांची जप्त झालेली अडपल्ली आणि घोटची ६७ गावे सरकारने लक्ष्मीबाईंना बक्षीस दिली. त्या ६७ गावांत राहणाऱ्या माणसांचा मालक एका हुकुमाने बदलला. त्यांच्या रानाचाही.

पुढच्या काळात कागद असणाऱ्यांची संख्या वाढत गेली. चांद्याला स्कॉटिश एपिस्कोपल मिशन आले, खाली सिरोंच्याला अमेरिकन मेथडिस्टांचे. कोणतेही मिशन, कोणतीही संस्था जागा घेते तेव्हा पहिल्या दिवसापासून तिच्याकडे पट्टा किंवा खरेदीखत असते, चतुःसीमा लिहिलेल्या असतात, निबंधकाचा शिक्का असतो. नंतर विश्वस्त संस्था म्हणून धर्मादाय आयुक्तांकडे नोंदही होते. चर्चची जागा, शाळेचे पटांगण, दवाखान्याचे आवार ही मालमत्ता म्हणून जन्मतःच कागदावर येते. यात वावगे काहीच नाही; त्या कागदांनी इथल्या माणसांचेही भले केले आहे. जुन्या शाळांची दाखल-खारीज रजिस्टरे घ्या. ६ सप्टेंबर १९५० च्या आधीची जमातीची नोंद त्यात सापडली की जात पडताळणीत नातवंडांचे काम होते. शाळामास्तराने पोराचे नाव घालताना दोन शब्द लिहिले आणि तिसऱ्या पिढीचे शिक्षण त्यावर तरले. फरक इतकाच, की संस्थेची जागा दस्ताने सिद्ध होते आणि गावाचे रान वापराने सिद्ध करावे लागते. वापर लिहून ठेवणारा कोणी नसेल, तर तो कोर्टात उभा राहत नाही.

१९५१ नंतर सरकारच सगळ्या पडीक जमिनीचे आणि रानाचे मालक झाले, तेव्हा हा वापर लिहून ठेवणे सरकारला भाग पडले. मालगुजार होता तोवर गावकरी त्याच्याशी भांडून, त्याच्या पाया पडून, कधी त्याला न विचारता आपली गरज भागवत होता. आता समोर तहसीलदार आणि वनरक्षक. पन्नाशीच्या दशकात गावोगाव चौकशी होऊन पत्रके तयार झाली, आणि १९५४ च्या मध्यप्रदेश जमीन महसूल संहितेने त्यांना कायद्यात जागा दिली.

या पत्रकाचे पान सावकाश वाचावे. वर गावाचे नाव, पटवारी हलका, तहसील. खाली खसरा (भूमापन) क्रमांक, त्यापुढे आराजी एकरांत, आणि त्यापुढे ती जमीन कशासाठी ठेवली आहे ते. हे झुडपी जंगल, हे कुरण, हे गावठाण. ही खळ्याची जागा, हा बाजार. इथे मसणवट, इथे ढोरे फाडायची जागा, तिथे खताचे खड्डे. हा तुकडा शाळेसाठी. त्यानंतर अटी येतात. नांगरटीच्या बैलांना चराई फुकट. घरखर्चापुरते सरपण, लाकूड, बांबू, मुरूम, माती, दगड. गावच्या कारागिराला त्याच्या धंद्यापुरता माल सवलतीने. शेजारच्या गावाच्या पडिकात आपली गुरे जात असतील किंवा आपली वाट जात असेल, तर तीही नोंद. गाव म्हणजे निव्वळ शेतांची बेरीज नाही, हे सरकारी दप्तराने कबूल केलेले असे दुसरे पान मला माहीत नाही. सातबाऱ्यावर एकेका शेताच्या खातेदारांची नावे असतात. इथे अख्खे गाव खातेदार आहे. मेलेल्या माणसाची जागा आणि शिकणाऱ्या पोराची जागा एकाच यादीत, एकाच शाईने लिहिलेली.

१९५६ मध्ये चांदा मुंबई राज्यात आला, १९६० मध्ये महाराष्ट्रात. १९६६ च्या महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियमात विदर्भापुरते एक स्वतंत्र प्रकरण ठेवले गेले. कलम १६१ पासून निस्तार पत्रक, आणि १६५ मध्ये तो जुना वाजिब-उल-अर्जही. पुण्या-साताऱ्याकडच्या तलाठ्याला हा कागद ठाऊक नसतो, तो यामुळे.

कागद राहिला, पण रान गावाच्या हातून निसटत गेले. मालगुजारी आणि जमीनदारी जंगले वनखात्याकडे गेली, टप्प्याटप्प्याने संरक्षित आणि राखीव होत गेली. बांबू कागद कारखान्यांकडे गेला, आलापल्लीचा साग लिलावात. गावकऱ्याच्या वाट्याला ठरावीक दराने बांबू आणि बल्ल्या देणारा निस्तार डेपो उरला. हक्काची सवलत झाली आणि सवलत वर्षागणिक आखडत गेली. धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा) गावाला जेव्हा हे टोचले, तेव्हा तिथल्या लोकांनी आणि त्यांच्याबरोबर काम करणाऱ्या मोहन हिराबाई हिरालाल यांनी अभ्यासाला घेतलेल्या कागदांत निस्तार पत्रक होते. आपल्या आजोबांना जे लिहून दिले ते रद्द कधी झाले, कोणी केले, हा प्रश्न देवाजी तोफांच्या नेतृत्वाखाली या गावाने वर्षानुवर्षे लावून धरला.

त्याचे उत्तर २००६ च्या वनहक्क कायद्यात आले. त्याच्या कलम ३ मध्ये सामुदायिक हक्कांचा उल्लेख ‘निस्तार’ याच नावाने आहे, आणि संस्थानी व जमीनदारी अमलातले असे हक्कही त्यात धरले आहेत. सारावसुलीच्या मिसलीला जोडलेला एक कागद, त्याचा विषय दीडशे वर्षांनी संसदेच्या कायद्यात हक्क म्हणून उतरला. २००९ मध्ये मेंढ्याला सुमारे १,८०० हेक्टर रानावर सामुदायिक हक्क मिळाला. त्यानंतर गडचिरोली जिल्ह्यातल्या हजाराहून अधिक गावांनी तो मिळवला.

अहेरी जमीनदारीच्या आतल्या डोंगराळ भागात मात्र अडचण वेगळी. तिथल्या पुष्कळ गावांची मोजणीच उशिरा झाली; जिथे खसरा नाही तिथे पत्रक कशाचे भरणार? अशा गावांना वनहक्क नियमांच्या नियम १३ ने हात दिला. गॅझेटियर, जनगणना, बंदोबस्ताचे अहवाल, नकाशे यांच्याबरोबर दावेदार नसलेल्या वडीलधाऱ्या माणसाचे लिहून घेतलेले निवेदनही तिथे पुरावा आहे. गावच्या भूमियाने (पारंपरिक प्रमुखाने) पेनांच्या म्हणजे देवांच्या जागा, पोडूची म्हणजे फिरत्या शेतीची जुनी राने, पाण्याचे झरे सांगायचे आणि पोरांनी ते लिहून काढायचे. ल्यूसी स्मिथच्या माणसांनी वाजिब-उल-अर्जासाठी केले ते याच जातीचे काम, पण तेव्हा लेखणी सरकारची होती. आता ती ग्रामसभेच्या हातात आहे, आणि या साऱ्या कुळकथेत मला सर्वांत मोलाचा वाटतो तो हा बदल.

याच पत्रकाची एक नोंद मात्र अलीकडे गावांच्या आणि संस्थांच्या अंगावर आली. १२ डिसेंबर १९९६ ला सर्वोच्च न्यायालयाने गोदावर्मन प्रकरणात सांगितले, की सरकारी दप्तरात जंगल म्हणून नोंदलेली कोणतीही जमीन वनसंवर्धन कायद्याखाली येते. पन्नाशीत ज्या खुरट्या माळाला चराईसाठी ‘झुडपी जंगल’ म्हणून लिहिले होते, तो त्या एका नोंदीमुळे वनजमीन ठरला. पूर्व विदर्भाच्या सहा जिल्ह्यांत अशी सुमारे ८६ हजार हेक्टर जमीन. आणि गाव वाढले ते याच माळावर. घरे, शाळा, आरोग्य केंद्रे, दफनभूमी, सरकारी कचेऱ्यासुद्धा. २२ मे २०२५ च्या निकालात न्यायालयाने झुडपी जंगल हे वनच मानले. पण १२ डिसेंबर १९९६ पूर्वी सक्षम अधिकाऱ्याने दिलेल्या जागांसाठी केंद्राची मंजुरी घेऊन त्या नियमित करण्याची वाट ठेवली.

म्हणजे आता संस्थांनाही गावासारखेच जुने दप्तर उघडावे लागणार. झुडपी जंगलाच्या खसऱ्यावर उभ्या असलेल्या शाळेला आपली जागा कोणत्या साली, कोणाच्या आदेशाने मिळाली ते दाखवावे लागेल. त्यासाठी तहसील आणि जिल्ह्याच्या अभिलेखागारात निस्तार पत्रकाची, अधिकार अभिलेखाची, जुन्या आदेशांची नक्कल मागायची, खसरा क्रमांक जुळवून घ्यायचे, जुना एकर आणि आजचा हेक्टर ताडून पाहायचा. आणि पत्रकातली नोंदच बदलून हवी असेल, तर कलम १६१ मध्ये तशी सोय आहे. ग्रामपंचायतीने मागणी केली, किंवा पंचायत नसलेल्या गावात निदान एक चतुर्थांश प्रौढ रहिवाशांनी अर्ज केला, तर जिल्हाधिकारी चौकशी करून ती नोंद बदलू शकतो.