शाळा, औषध आणि हजेरीपत्रक

भंडारा जिल्हा हा तळ्यांचा आणि भाताचा मुलूख. वैनगंगेच्या काठच्या या प्रदेशाला पाण्याने वैभव दिले, तसा उपद्रवही दिला. गटारांतील व डबक्यांतील घाण पाण्यात वाढणारा डास हत्तीपाय रोग पसरवितो, आणि पूर्व विदर्भात या रोगाने फार दिवस ठाण मांडलेले आहे. त्यावरील गोळ्या वाटण्याच्या मोहिमेत एक नियम कटाक्षाने सांगितलेला असतो. गोळी हाती देऊन निघून जावयाचे नाही, ती डोळ्यांदेखत गिळवावयाची. उपाशीपोटी द्यावयाची नाही. दोन वर्षांखालील मूल, गर्भवती स्त्री व फार आजारी मनुष्य यांना वगळावयाचे. नियम दिसावयास साधा. परंतु त्यामागे दोन शतकांचा अनुभव उभा आहे, आणि त्याची खरी कसोटी लागते ती शाळेत.

सरकारी औषधोपचार या देशात प्रथम एका बालकाच्याच दंडाला भिडला. 14 जून 1802 रोजी मुंबईत ॲना डस्टहॉल या तीन वर्षांच्या मुलीस गोस्तनदेवीची लस टोचण्यात आली. हिंदुस्थानातील ती पहिली यशस्वी टोचणी होय. पुढे ही टोचणी गावोगाव गेली, पण लोकांच्या मनातील भीती तिच्यापुढे चार पावले धावत होती. औषध गुणकारी असणे ही एक गोष्ट आणि ते देणाऱ्यावर लोकांचा विश्वास असणे ही दुसरी, हा पहिला धडा येथे मिळाला. दुसरा धडा हिवतापाने दिला. बंगाल इलाख्यात 1892 पासून टपालकचेऱ्यांतून एका पैशाला क्विनीनची पुडी विकण्यास आरंभ झाला. टपालबाबू काही वैद्य नव्हे. तथापि पुडीतील मात्रा आधीच मोजून बांधलेली असल्यामुळे त्याला वैद्यकी करण्याचे कारणच उरले नाही. वैद्य नसलेल्याच्या हातून औषध द्यावयाचे तर प्रमाण अगोदर ठरलेले असावे, हे तत्त्व तेव्हापासून रूढ होत गेले.

मुलांच्या आरोग्याचा भार शाळेवर का पडावा, या प्रश्नाचे उत्तर मात्र निराळ्या दिशेने आले. बोअर युद्धाच्या वेळी इंग्लंडात सैन्यभरतीस आलेले कितीतरी तरुण शरीराने अपात्र ठरले, तेव्हा तेथील धुरीणांचे डोळे उघडले व 1907 च्या कायद्याने शाळेतील मुलांची वैद्यकीय तपासणी सुरू झाली. आपल्याकडे हा मान बडोद्याकडे जातो. सयाजीराव गायकवाड महाराजांनी 1893 मध्ये अमरेली भागात व 1906 मध्ये सर्व राज्यात प्राथमिक शिक्षण सक्तीचे केले, आणि 1909 साली बडोदे शहरात शाळकरी मुलांची वैद्यकीय तपासणी झाली. या दोन गोष्टींचे नाते ध्यानात घेण्याजोगे आहे. मुलाला आईच्या नजरेआड दिवसाचे पाच-सहा तास सक्तीने बसविणाऱ्याने तेवढा वेळ आईची नजरही उसनी घ्यावी, हे ओघानेच येते.

हे उदाहरण देशभर गिरविले गेले नाही. नाशिकास जन्मलेले सर जोसेफ भोर यांच्या समितीने 1946 साली अहवाल दिला, तेव्हा शालेय आरोग्यसेवा देशात जवळजवळ नाहीच, असा निष्कर्ष तिला नोंदवावा लागला. स्वातंत्र्यानंतर 1960 साली श्रीमती रेणुका राय यांच्या अध्यक्षतेखाली समिती बसली व पुढील वर्षी तिच्या शिफारशी आल्या. परंतु तपासणी झाली तरी पुढील उपचार कोणी करावयाचा, हा प्रश्न लोंबकळतच राहिला. 6 फेब्रुवारी 2013 रोजी पालघर येथे राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचा आरंभ झाला आणि तपासणीस उपचाराची जोड देण्याचे धोरण ठरले. त्याच सुमारास किशोरवयीन मुलामुलींना आठवड्यातून एकदा लोहाची गोळी, व 2015 पासून जंतनाशक दिनी अल्बेंडाझोलची चारशे मिलिग्रॅमची गोळी, शाळेतूनच मिळू लागली. जी पुडी टपालबाबूच्या हाती होती, ती आता शिक्षकाच्या हाती आली.

येथे सावधगिरी सुटली तर काय होते, हे ऑगस्ट 2018 मध्ये मुंबईत गोवंडीस दिसले. शाळेत लोहाच्या गोळ्या दिल्यानंतर काही दिवसांत एक मुलगी दगावली. बातमी पसरताच भेदरलेल्या पालकांनी शंभराहून अधिक मुले रुग्णालयात नेली. मृत्यू गोळीने नव्हे तर क्षयरोगाने झाल्याचे महापालिकेने सांगितले. तोवर घराघरांत भीती शिरली होती. कोणत्या मुलास कोणता आजार आहे, त्याने काय खाल्ले होते, गोळी कधी घेतली, याची चोख नोंद हाताशी असणे हाच अशा वेळी अफवेवरचा उतारा होय.

भंडाऱ्यासारख्या जिल्ह्यात तर ही नोंद अधिकच मोलाची. पूर्व विदर्भात सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार आढळतो. अशा मुलास लोहाची गोळी सरसकट देणे योग्य नव्हे, ते डॉक्टरांस विचारूनच ठरवावे. त्याने वारंवार पाणी मागितले तर नाकारू नये; कडक उन्हात वा थंडीत शिक्षा म्हणून उभे करू नये, कारण त्यातून असह्य वेदनांचा झटका उद्भवू शकतो. दमा, फेफरे, मधुमेह असलेल्या मुलांचीही हीच गोष्ट. पालकांनी आजार लाजेने लपवू नये. औषधाचे नाव, मात्रा व वेळ लिहून द्यावी आणि ते मूळ वेष्टनासह शाळेच्या स्वाधीन करावे. शिक्षकानेही एकाचे औषध दुसऱ्यास देऊ नये, तापलेल्या मुलास मोहिमेची गोळी देऊ नये, आणि गैरहजर राहिलेल्यास विसरू नये.

यासाठी मोठा दवाखाना लागत नाही. हजेरीपत्रक प्रत्येक शाळेत आहेच. मूल आले की नाही, एवढेच त्यात आजवर टिपले जाई. ते कसे आहे, हेही टिपण्याइतकी जागा त्या कागदावर पुष्कळ आहे.