देवळा : खाणेपिणे आणि परिसरातील प्रेक्षणीय स्थळे

देवळा : नाशिक जिल्ह्यातील तालुक्याचे गाव. कळवण, सटाणा, मालेगाव आणि देवळा या भागांना मिळून ‘कसमादे’ म्हणतात. १९९९ मध्ये कळवण तालुक्यातून देवळा तालुका वेगळा झाला. गाव विंचूर–प्रकाशा रस्त्यावर आहे. मुंबई–आग्रा महामार्गावरून येणारा प्रवासी चांदवडच्या अलीकडे सोग्रस फाट्याला वळतो आणि भावडबारीचा घाट चढून-उतरून देवळ्यात पोहोचतो. मालेगावकडून सौंदाण्यावरून रस्ता येतो. रेल्वेने यायचे तर मनमाड सोयीचे.

भावडबारीत सातमाळ्याची रांग ओलांडली जाते. तिच्या दक्षिण उतारावर पडलेला पाऊस गोदावरीतून बंगालच्या उपसागराला जातो, उत्तरेकडचा गिरणा-तापीतून अरबी समुद्राला. घाट उतरला की अहिराणीचा सूर कानी पडू लागतो आणि ताटातही खानदेशाची चव उतरते. देवळा कारभाराने नाशिकचे, पण जेवणाने बरेचसे खानदेशाचे आहे.

रोजचे जेवण बाजरीच्या भाकरीचे. सोबत मिरचीचा ठेचा, बुक्कीने फोडलेला कांदा आणि डाळीचे किंवा कडधान्याचे झणझणीत कालवण. काळा मसाला ही या स्वयंपाकाची खरी ओळख. कांदा आणि सुके खोबरे काळपट होईपर्यंत भाजायचे, खडा मसाला तेलावर परतायचा आणि सगळे एकत्र वाटायचे. हेच वाटण शेवभाजीला आणि मटणाच्या रश्श्याला चढते. शेवभाजी रस्त्यावरच्या ढाब्यांवर सहज मिळते. जाड तिखट शेव रश्श्यात आयत्या वेळी सोडलेली असेल तरच ती खावी. आधीपासून भिजत पडलेल्या शेवेचा लगदा होतो. वांग्याचे भरीत, वरण-बट्टी, फुणके आणि कढी, पातोड्यांची आमटी हे पदार्थ घरोघरी होतात. पश्चिमेला कळवण-सुरगाण्याच्या आदिवासी गावांकडे वळल्यावर बाजरीची जागा नागलीची भाकरी घेते आणि तिच्याबरोबर उडदाची आमटी येते.

सणाचे खाणे पाहायचे तर आखाजी, म्हणजे अक्षय तृतीया, गाठावी. उन्हाळ कांदा काढून झालेला असतो, लेकी माहेरी आलेल्या असतात, झाडांना झोके बांधलेले असतात. पितरांसाठी घागर भरली जाते आणि पुरुषमंडळी पत्त्यांचे डाव मांडून बसतात. वर्षाच्या बोलीवर शेतात राबणाऱ्या सालदाराचे सालही परंपरेने याच दिवशी संपते आणि नवे सुरू होते. चुलीवर खापर उपडे घालून त्यावर पुरणाचे मांडे भाजले जातात. सैलसर कणकेत पुरण भरून पोळी थोडी लाटायची, मग दोन्ही हातांवर झेलत ती कोपरापर्यंत पसरेल इतकी वाढवायची आणि न फाटता खापरावर टाकायची. हे कौशल्य वर्षानुवर्षे चुलीपाशी बसूनच हाताला लागते. मांड्याबरोबर आमरस, कुरडई आणि कटाची तिखट रशी असते. हॉटेलांत हा मांडा सहसा मिळत नाही. ओळख काढून एखाद्या घरी जेवायला जावे. या भागात पाहुण्याला उपाशी पाठवण्याची रीत नाही.

श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी कानबाई ही खानदेशची देवी घरोघरी बसते. त्या दिवशीचे रोट, पुरण आणि गंगाफळाची भाजी भाऊबंदांनी मिळून खायची असते. बाहेरच्याला हा प्रसाद मिळत नाही, आणि त्याने तो मागूही नये.

पेयांत उन्हाळ्यात रसवंतीचा उसाचा रस आणि ताक, बारमाही चहा. लोहोणेर-विठेवाडीच्या बाजूला गिरणाकाठी ऊस होतो. विठेवाडीचा सहकारी साखर कारखाना त्याच उसावर उभा राहिला. कसमाद्याच्या भगव्या डाळिंबाने एके काळी माळरानांवर पैसा आणला. पुढे तेल्या रोगाने बागाच्या बागा उपटाव्या लागल्या आणि अनेक शेतकरी पुन्हा कांद्याकडे वळले. हंगामात चांगले डाळिंब मिळाले तर त्याचा रस काढू नये, दाणेच खावेत. सटाण्याकडची लवकर छाटणीची द्राक्षे थंडीच्या सुरुवातीलाच तयार होतात, जिल्ह्यातील इतर बागांच्या कितीतरी आधी. गावोगावच्या यात्रांच्या दिवसांत गोडीशेव, जिलेबी, रेवडी आणि भेळभत्ता यांची दुकाने लागतात.

खुद्द देवळ्यात दुर्गामातेचे मंदिर आहे. पण प्रवाशाने मुद्दाम थांबून पाहावा तो कांद्याचा लिलाव. देवळ्याला किंवा महामार्गावरील उमराण्याला सकाळी ट्रॅक्टरांच्या रांगा लागतात, व्यापारी ढिगामागून ढिगापाशी सरकत बोली लावतात आणि एका घराच्या कित्येक महिन्यांच्या कष्टाचा भाव काही क्षणांत ठरतो. शेतांत कांदा चाळीही दिसतील. दोन्ही बाजूंनी वारा खेळेल अशा फटींच्या भिंती, आत चैत्र-वैशाखात भरलेला कांदा. भाव पाहून तो पावसाळाभर थोडा थोडा बाहेर काढतात. या तालुक्याचे सगळे गणित या चाळींत साठवलेले असते. इतके महत्त्वाचे दृश्य पर्यटनाच्या पुस्तिकांत येत नाही, हे खटकते.

लोहोणेरहून गिरणा ओलांडली की बागलाण तालुक्यातील ठेंगोडा लागते. तेथे नदीकाठी सिद्धिविनायकाचे देऊळ आहे. पुढे सटाण्यात यशवंतराव महाराजांचे, म्हणजे देवमामलेदारांचे मंदिर. १८७०-७१ च्या दुष्काळात या मामलेदाराने सरकारी खजिना भुकेल्यांसाठी खुला केला. सरकारी अधिकाऱ्याचे देऊळ होऊन त्याची यात्रा भरावी, अशी उदाहरणे विरळाच. ही यात्रा मार्गशीर्ष वद्य एकादशीच्या सुमारास भरते.

सातमाळ्याची रांग दुर्गप्रेमींसाठी मोठे धन आहे. सुरतेच्या दुसऱ्या लुटीनंतर परतताना, ऑक्टोबर १६७० मध्ये, शिवाजी महाराजांची मोगल सरदार दाऊदखानाशी लढाई झाली ती येथल्याच कांचनबारीच्या परिसरात. वणी-दिंडोरीची लढाई म्हणून ती इतिहासात ओळखली जाते. कांचना किल्ल्याला खेलदरीहून जाता येते. याच रांगेतील धोडप शिवलिंगासारख्या माथ्यामुळे दुरूनच ओळखू येतो. त्याच्या एका कड्यात पडलेली प्रचंड खाच जवळून पाहण्याजोगी आहे. १७६८ मध्ये थोरल्या माधवराव पेशव्यांनी आपले काका रघुनाथराव यांचा पराभव केला तो या किल्ल्याच्या परिसरात. पायथ्याचे गाव हट्टी. पावसाळा संपता संपता जावे. उन्हाळ्यात कातळ तापतो आणि चढ जीव घेतो.

कळवणमार्गे नांदुरीला गेले की सप्तशृंगगड. अठरा हातांची देवी कड्यातच कोरलेली आहे. २०१८ पासून पायऱ्यांबरोबर रुळांवरून चढणाऱ्या ट्रॉलीचीही सोय झाली. चैत्र पौर्णिमेच्या उत्सवासाठी खानदेशातील भाविक पायी येतात. मालेगाव, सौंदाणे, देवळा, कळवण हा त्यांचा एक रूढ मार्ग. त्या दिवसांत रस्त्याकाठची गावे या पदयात्रींना जेवण, ताक, चहा देतात. ऐन उन्हात डोक्यावर ओला पंचा घेऊन चाललेल्या माणसांच्या हाती पाण्याचा तांब्या देणारी पोरे पाहिली की येथील आतिथ्य कळते.

उत्तर-पश्चिमेला साल्हेर, १,५६७ मीटर उंचीचा, महाराष्ट्रातील सर्वांत उंच किल्ला. १६७२ मध्ये त्याच्या पायथ्याशी मराठ्यांनी मोगलांना मैदानी लढाईत हरवले. २०२५ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आलेल्या मराठा लष्करी स्थळांत त्याचा समावेश आहे. त्याच वाटेवर मांगी-तुंगीची जैन लेणी आणि १०८ फुटी ऋषभदेव मूर्ती. मुल्हेरला कोजागरीच्या रात्री संत उद्धव महाराजांच्या परंपरेतील रासक्रीडा होते. देवळ्याहून हे सगळे एका दिवसात उरकण्याचा मोह आवरावा. साल्हेरलाच पूर्ण दिवस लागतो, आणि मुल्हेरला रात्रीच्या मुक्कामाच्या तयारीने जावे.