रांजणगावच्या आधी

किल्ली अर्धी फिरवून थांबा. डॅशबोर्डवर वेटोळ्याचं पिवळं चिन्ह उजळतं. जुने ड्रायव्हर ‘हीटर घेणं’ म्हणायचे, तेच हे. जुलैचा उकाडा आहे, त्यामुळे ते लगेच विझतं. आता पुढे फिरवा.

अंगावर काटा येतो, कारण हा आवाज तुम्हाला पाठ आहे. पहाटे सोसायटीच्या फाटकाशी येऊन थांबलेल्या डिझायरचा हा आवाज. गावाकडे निघालेल्या, डिकीत तांदळाची पोती भरलेल्या व्हिस्टाचाही हाच. फक्त आज 10 जुलै 2006 आहे, तुम्ही इटलीतल्या तुरीनमध्ये आहात आणि हे इंजिन भारतात अजून विक्रीला आलेलंच नाही.

शहर रात्रभर झोपलेलं नाही. काल बर्लिनमध्ये इटलीने फ्रान्सला पेनल्टीवर हरवून विश्वचषक जिंकला. जिंकलेल्या संघातले पाच जण इथल्याच युव्हेंटसचे, त्यामुळे बाल्कन्यांवरून तिरंगी झेंडे लोंबताहेत. गाडी भाड्याने देणाऱ्या मुलाचा घसा पार बसलाय. त्याने तुमचा आंतरराष्ट्रीय परवाना पाहिला, किल्ली हातात ठेवली आणि डिझेलच्या झाकणाकडे बोट दाखवून दोनदा बजावलं, “गाझोलिओ, गाझोलिओ.” हा शब्द नीट लक्षात ठेवा. इथे बेंझिना म्हणजे पेट्रोल आणि गाझोलिओ म्हणजे डिझेल.

गाडी आहे फियाट ग्रांदे पुंतो. बाजारात येऊन तिला वर्षही झालेलं नाही. रूप डिझायनर जुजारोंचं, आणि ते पुढून पाहावं. लांब नाक आणि मागे ओढलेले दिवे पाहिले की आठ-दहा लाखांतल्या गाडीवर कुणी एवढा जीव कसा लावतो, याचं आजही नवल वाटतं. आत डाव्या बाजूला बसायचं आणि गिअर उजव्या हाताने टाकायचा. पहिल्या चौकात तुम्ही वळणाचा दिवा लावायला जाता आणि वायपर फिरतात. डॅशबोर्डवर ‘सिटी’ असं बटण आहे. ते दाबलं की स्टिअरिंग एका बोटाने फिरतं. तुरीनच्या ट्रामच्या रुळांमधून बाहेर पडेपर्यंत ते दाबलेलंच राहू द्या.

मोबाइलवर नकाशा नाही. शेजारच्या सीटवर कागदाचा नकाशा उलगडून ठेवलाय. त्यावर राज्य मार्ग क्रमांक 20 ची रेघ शोधा: कार्मान्योला, सावील्यानो, कुनेओ, मग डोंगर. दोन्ही बाजूंना पुरुषभर उंचीचा मका उभा आहे. उजवीकडे हवा स्वच्छ झाली की 3,841 मीटरचा मोनव्हिझो एकटाच वर आलेला दिसतो. ताशी 90 ला पाचव्या गिअरमध्ये इंजिन इतकं शांत होतं, की टायरचा आवाज त्याच्या वर येतो.

ही शांतता याच मुलखात घडलेली आहे. तुरीनला लागून ओरबासानोत फियाटचं संशोधन केंद्र आहे. सगळ्या सिलिंडरांसाठी एकाच नळीत प्रचंड दाबाखाली डिझेल साठवायचं आणि हवं तेव्हा, हवं तेवढं इलेक्ट्रॉनिक इंजेक्टरमधून सोडायचं, या ‘कॉमन रेल’ पद्धतीवर तिथे मोठं काम झालं. तिचे हक्क पुढे बॉशकडे गेले आणि 1997 साली अल्फा रोमिओ 156 मध्ये ती पहिल्यांदा मोटारीत आली. 2003 साली आलेल्या तुमच्या या 1,248 सीसी मल्टिजेटमध्ये त्याच्या पुढचं पाऊल आहे: एका स्फोटासाठी डिझेलचे पाचपर्यंत फवारे. मुख्य फवाऱ्याआधी एक इवलासा फवारा जाऊन आग हळूच पेटवतो, म्हणून डिझेलचा तो हातोड्यासारखा ठोका बोथट होतो. हे वाचून माहीत असणं वेगळं आणि सावील्यानोच्या मक्यातून जाताना ते कानांनी कळणं वेगळं.

कुनेओ 534 मीटरवर आहे आणि बोगद्याचं तोंड 1,300 मीटरच्या आसपास. व्हेर्नान्ते गावातल्या भिंतींवर पिनोकिओची चित्रं रंगवलेली आहेत, ती बघायला थांबा. लिमोने ओलांडलं की खरा घाट लागतो.

आता या इंजिनाचा स्वभाव कळतो. वळणावर तुम्ही दुसरा गिअर टाकता. आरपीएमचा काटा 1,500 वर असतो. ॲक्सिलरेटर दाबला तरी गाडी ऐकू न आल्यासारखी रेंगाळते. एक, दीड सेकंद. काटा 1,800 ला टेकतो आणि कुणी पाठीला तळहात लावून ढकलावं तशी ती उठते. अश्वशक्ती फक्त 75, पण टॉर्क 190 न्यूटन मीटर, आणि तो सगळा इथेच, खालच्या फेऱ्यांत आहे. चार वळणांनंतर तुम्ही शहाणे होता. वळण संपायच्या आधीच पाय ठेवायचा, म्हणजे टर्बोला दम भरायला वेळ मिळतो आणि सरळ रस्ता येईतो ताकद हजर असते. लहानपणी खंडाळ्याच्या घाटात शिंग्रोबाच्या देवळापाशी बॉनेट उघडून गार होत उभ्या असलेल्या गाड्यांची रांग तुम्ही पाहिली आहे. इथे तापमानाचा काटा मधून हलत नाही.

तेंदाचा बोगदा 1882 चा, सुमारे 3.2 किलोमीटरचा आणि अरुंद. समोरून ट्रक आला की हात आपोआप उजव्या भिंतीकडे ओढतात. इटलीतून आत शिरलात आणि फ्रान्समध्ये बाहेर आलात. 1947 च्या तहापर्यंत पलीकडचं तेंद गावही इटलीतच होतं. बाहेर पडताच रस्ता एकावर एक घड्या घालत दरीत उतरतो. काच खाली करून हा उतार नीट पाहून घ्या. ऑक्टोबर 2020 मध्ये ॲलेक्स वादळ येईल आणि यातला काही रस्ता वाहून जाईल. आज मात्र दुसऱ्या गिअरमध्ये इंजिनच गाडीला धरून ठेवतं, ब्रेकला क्वचित पाय लागतो.

त्याच 2020 च्या 1 एप्रिलला भारतात बीएस-सहा हे प्रदूषणाचे नियम लागू होतील आणि नव्या गाड्यांतून हे इंजिनही जाईल. डिझेलच्या धुरातल्या नायट्रोजन ऑक्साइडने शहरांतल्या फुप्फुसांचं जे केलं, ते पाहता कडक नियम हवेच होते, आणि तरीही या इंजिनासाठी जीव तुटतो. पण तिथवर जायला अजून चौदा वर्षं आहेत. पुढच्या जानेवारीत मारुती परवाना घेऊन ते स्विफ्टमध्ये आणेल. 2008 साली टाटांची व्हिस्टा येईल, आणि 2009 साली हीच पुंतो पुण्याजवळ रांजणगावला बनू लागेल. गाडीवेडे त्याला भारताचं राष्ट्रीय इंजिन म्हणू लागतील. हे सगळं या दरीत आज तुम्हाला एकट्यालाच ठाऊक आहे.

कड्याला चिकटलेलं साओर्ज, मग ब्रेल, मग पुन्हा इटली. रोया नदी शेवटपर्यंत सोबत करते. व्हेंतिमिल्याला समुद्र दिसतो तेव्हा पाच वाजलेत.

रस्त्याकडेला टेलिफोन बूथ आहे. त्याला खेटून गाडी उभी करा. इंजिन लगेच बंद करू नका, टर्बोला मिनिटभर गार होऊ द्या. खिशात कॉलिंग कार्ड आहे. घरचा लँडलाइनचा नंबर बोटांना अजून आठवतो. आता तिथे कोणीच उचलत नाही, पण 2006 मध्ये दुसऱ्याच रिंगला उचलला जातो. तिकडे साडेआठ झालेत.

“रात्री अडीचपर्यंत फायनल बघत बसलो होतो,” बाबा सांगतात. “झिदानने असं करायला नको होतं.” मग विचारतात, “गाडी कुठली मिळाली?”

“फियाट.”

पलीकडे ते थांबतात. त्यांच्या डोळ्यांसमोर स्टिअरिंगवर गिअर असलेली त्यांची पद्मिनी आली असणार.

“पेट्रोल?”

“डिझेल.”

“फियाट आणि डिझेल? मग घाटात खडखडली असेल.”

तुम्ही रिसिव्हरची वायर ताणता येईल तेवढी ताणता आणि तो बॉनेटच्या दिशेने धरता. मागे लाटा आहेत, एक स्कूटर जाते. रिसिव्हर पुन्हा कानाला लावता.

“अजून थोडा जवळ ने,” बाबा म्हणतात.