महाभारताचा ‘डिफ’

रिसर्च ग्रँटच्या अर्जात काय शोधायचंय ते लिहिताना सगळ्यांनाच हुरूप येतो. ‘पद्धत’ या मथळ्याखाली मात्र पेन अडतं. म्हणून पुण्याच्या भांडारकर संस्थेतलं महाभारताचं काम मला भारी वाटतं.

औंधचे बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी १९१८ साली महाभारताच्या सचित्र आवृत्तीसाठी संस्थेला एक लाख रुपये द्यायचं कबूल केलं. १९१८ चे लाख बरं का! पुढच्याच वर्षी १ एप्रिलला रा. गो. भांडारकरांच्या हस्ते मुहूर्तही झाला. पण छापायचं कुठलं महाभारत? काश्मीरची शारदा लिपीतली पोथी एक सांगते, बंगाली दुसरं, मल्याळम तिसरंच. शेकडो वर्षं लोक कॉपी-पेस्ट करत आलेले, वर आपापली भरही घातलेली, आणि चेंजलॉग कुणीच ठेवलेला नाही. युरोपातल्या विद्वानांनी हाच घाट घातला होता, तो पहिल्या महायुद्धात बारगळला.

मग १९२३ मध्ये उतगीकरांनी नुसतं विराटपर्व नमुना म्हणून काढलं आणि ते जाणकारांकडे मतांसाठी गेलं. चक्क बीटा रिलीज!

१९२५ मध्ये वि. सी. सुकथनकर संपादक झाले. केंब्रिजला गणित आणि बर्लिनला संस्कृत शिकलेला माणूस. त्यांनी पोथ्या आधी घराण्यांत लावल्या: उत्तरेकडची, दक्षिणेकडची आणि त्यांच्या पोटशाखा. एकमेकींशी संबंध न आलेल्या शाखांत एकच पाठ मिळाला, तर तो जुना धरायचा. एकाच शाखेत सापडलेला मजकूर तळटीपेत किंवा परिशिष्टात टाकायचा. फेकायचा नाही, हे महत्त्वाचं. या नियमात व्यासांचा लेखनिक झालेला गणपतीही परिशिष्टात गेला. पुण्यात बसून हे करायचं म्हणजे गंमत नाही! आणि जिथे खात्री नाही, तिथे मजकुराखाली नागमोडी रेघ. अनिश्चितता छापून दाखवणारी ही रेघ मला सगळ्यात जास्त आवडते.

सिल्व्हाँ लेवींसारख्या मोठ्या पंडिताने सुचवलं, की मूळ पाठाच्या मागे लागू नका, नीलकंठाचा प्रचलित पाठ छापून खाली पाठभेद द्या. सुकथनकर ऐकले नाहीत. आदिपर्व १९३३ मध्ये पूर्ण झालं. त्यानंतर नेपाळच्या राजगुरू हेमराज पंडितांकडची आदिपर्वाची एक फार जुनी पोथी उजेडात आली. ती आधी कुणीच वापरली नव्हती, म्हणजे पद्धतीची खरी परीक्षाच. सुकथनकरांनी निवडलेल्या पाठांना तिने मोठा दुजोरा दिला.

ते १९४३ मध्ये गेले. काम बेलवलकरांनी आणि मग प. ल. वैद्यांनी पुढे नेलं, ते संपलं १९६६ मध्ये. तोवर औंध संस्थान विलीन होऊन अठरा वर्षं झाली होती.