काळ्या रानातला फोनो

आमच्या माडीवर तीन जुने जर्मन रेकॉर्ड प्लेअर आहेत. दोन ड्युअल कंपनीचे, एक पर्पेट्यूम-एब्नरचा. तिन्ही मी खोलून, धुऊनपुसून परत जोडलेले. आमच्याकडं जुनी माणसं अजून त्याला फोनोच म्हणतात. येणारा-जाणारा विचारतो, "तात्या, मोबाइलवर समदी गाणी फुकट असताना ह्यो फोनो कशापायी?" त्याचं उत्तर एका वाक्यात देता येत नाही. ही यंत्रं ज्या गावातनं आली, त्या गावापासून सुरुवात करावी लागते.

ते गाव म्हणजे सांक्ट गेओर्गेन. जर्मनीच्या नैर्ऋत्येला श्वार्त्सवाल्ड, म्हणजे काळं रान नावाचा डोंगराळ मुलूख आहे. तिथं आठशे मीटरहून जास्त उंचीवर हे गाव वसलंय. थंडी कडाक्याची, बर्फ फार, जमीन थोडी आणि हलकी. त्या भागात पुष्कळ ठिकाणी शेताची वाटणीच होत नसे. अख्खं शेत एका मुलाकडं जाई, बहुतेक ठिकाणी धाकट्याकडं. बाकीच्यांनी त्याच शेतावर गडी म्हणून राबायचं, नाहीतर हाताला दुसरं काम शोधायचं. बर्फानं कोंडलेल्या घरांत अशाच लोकांनी लाकडाची घड्याळं करायला घेतली. अठराव्या शतकात त्याचा मोठा धंदा झाला. पाठीवर घड्याळांचा बोजा बांधून तिथले फेरीवाले परमुलखांत हिंडत. कुकू घड्याळ त्याच रानातलं.

आमच्या घरी सगळं उलटं झालं. आजोबांची अकरा एकर, त्यांना तीन मुलगे, पुढं नऊ नातू. माझ्या वाट्याला सव्वा एकराच्या आसपास आली, तीही तीन तुकड्यांत. त्यांच्याकडं वाटणी न झाल्यामुळं पोरं जमिनीला मुकली, आमच्याकडं वाटून वाटून मुकली. मी आयटीआयला फिटर झालो आणि पुण्याला एका कारखान्याच्या टूलरूममध्ये लागलो. 1990 साली कारखान्यानं नव्या मशिनी शिकायला सहा महिने दक्षिण जर्मनीत धाडलं. तिथल्या रविवारच्या जुन्या बाजारात मी पहिला ड्युअल घेतला. घरी बायकोसाठी न्यायच्या वस्तूंची यादी खिशात होती, तिच्यातल्या दोन वस्तू त्यापायी कमी झाल्या.

सांक्ट गेओर्गेनमध्ये 1907 साली श्टायडिंगर बंधूंनी कारखाना काढला. घड्याळाचे भाग करता करता ते ग्रामोफोनच्या चावीच्या यंत्राकडं वळले. तसा दोन्हींचा जीव एकच. स्प्रिंग गुंडाळायची आणि दातेरी चाकांतनं ती हळूहळू, एका चालीनं सुटू द्यायची. 1911 साली भाऊ वेगळे निघाले. एकानं त्याच गावात दुसरा कारखाना घातला, तोच पुढं पर्पेट्यूम-एब्नर झाला. 1927 साली पहिल्या कारखान्यानं चावीवरही चालणारी आणि विजेवरही चालणारी मोटर काढली. त्या दुहेरीपणावरनं ड्युअल हे नाव पडलं.

या तबकडीशी आपलंही जुनं नातं आहे. सपाट तबकडीचा ग्रामोफोन काढणारा एमिल बर्लिनर जन्मानं हानोव्हरचा, पुढं अमेरिकेत गेलेला. त्याच्या घराण्यानं 1898 साली हानोव्हरला तबकड्यांचा कारखाना घातला. 1902 साली कलकत्त्यात गौहर जान यांचं गाणं मुद्रित झालं. त्या तबकड्या तयार होऊन आल्या त्या हानोव्हरहून. कलकत्त्यात कारखाना निघाला 1908 साली. तोवर आपलं गाणं सातासमुद्रापलीकडं जाऊन मग आपल्या कानावर यायचं.

आता यंत्राकडं वळतो. माझ्याकडचे ड्युअल 1019 आणि 1219 हे साठच्या दशकातले नमुने. वरचं तबक सुमारे तीन किलोचं. मधली क्लिप काढली की ते दोन हातांनी उचलता येतं, आणि खाली सगळा कारभार उघडा दिसतो. मोटरचा दांडा फिरतो, तो रबर चढवलेल्या एका चाकाला फिरवतो आणि ते चाक तबकाच्या आतल्या कडेला टेकून तबक फिरवतं. बटण सरकवलं की तबकाच्या मधल्या दात्यांत एक मोठं चाक अडकतं. त्या चाकाच्या अंगावर खाचा आणि चढउतार कोरलेले असतात. त्यांवरनं दांडे सरकतात, आणि सुईचा हात आपणहून उठतो, तबकडीच्या कडेवर जातो, अलगद उतरतो. गाणं संपलं की परत जागेवर येऊन बसतो. या सगळ्या हालचालींत एकही ट्रान्झिस्टर नाही. काळ्या रानातला घड्याळजी हे यंत्र बघून बिचकला नसता.

दुरुस्ती बहुतेक दोनच गोष्टींची असते. एक म्हणजे ग्रीस. चाळीस-पन्नास वर्षांत ते डिंकासारखं घट्ट होतं आणि दांडे जागीच चिकटतात. स्पिरिटनं पुसून नवं लावलं की निम्मं काम झालं. दुसरी म्हणजे रबर. हात सरकवणाऱ्या दांड्यावर तांदळाच्या दाण्याएवढी एक नळी बसवलेली असते. ती झिजून गळून पडते. मग हात उठतो, पण पुढं जात नाही, होता तिथंच खाली बसतो. जर्मनीतले हौशी लोक तिच्या जागी सायकलच्या व्हॉल्व्हची रबरी नळी कापून घालतात. हे कळलं तेव्हा मला हसूच आलं. आमच्या स्टँडवरच्या सायकल दुकानात वालट्यूब मागितली, तर दुकानदार म्हणाला, "तात्या, सायकल कवा घेतली?" त्याच नळीच्या तुकड्यावर माझा 1219 आज चालतोय. विजेचाही घोळ नाही. तिथंही 50 हर्ट्झ, इथंही 50.

सत्तरच्या दशकात जपानी माल स्वस्त आणि उत्तम येऊ लागला, त्यापुढं ड्युअलचा टिकाव लागेना. 1982 साली कंपनीचं दिवाळं निघालं आणि फ्रेंच मालकांनी ती घेतली. त्याच वर्षी हानोव्हरशेजारच्या लांगेनहागेनला सीडीचं उत्पादन सुरू झालं. म्हणजे तबकडीला ज्या भागात कारखाना मिळाला, तिची जागा घेणारी वस्तूही तिथंच तयार होऊ लागली. सांक्ट गेओर्गेनमध्ये आता या यंत्रांचं संग्रहालय आहे.

मला त्या संग्रहालयापेक्षा त्या लोकांची सवय मोलाची वाटते. हे यंत्र पुढंमागं कुणीतरी खोलणार, हे धरूनच त्यांनी ते केलं. म्हणून जिथं बघावं तिथं स्क्रू आहेत, डिंकानं चिकटवलेलं जवळजवळ काही नाही. तालुक्याच्या गावी माझ्या लहानपणी घड्याळं दुरुस्त करणारे चौघे होते. आज एक उरलाय, तो फक्त सेल बदलतो. जमीन गेली तर हातातली कला तारते, एवढं त्या रानानं मला शिकवलं. पण कला टिकायची तर हाताला खोलता येतील अशा वस्तू भोवती असाव्या लागतात.

पुतण्याचा मुलगा सुट्टीत येतो, तेव्हा त्याला पान्हे-पेचकस देऊन बसवतो. परवा त्यानं ग्रीस काढताना दोन दांडे उलटे बसवले. मी काही बोललो नाही. अर्ध्या तासानं त्याचं त्यालाच कळलं. पर्पेट्यूम-एब्नरची मोटर अजून जरा गुरगुरते. दिवाळीत तो आला की ती खोलायची आहे.