शेपटीच्या चाकाची विमानं आणि ती उतरवणाऱ्या बाया



आपल्या कराडला विमानतळ आहे. कोयना धरणाच्या कामासाठी १९५५ साली ती धावपट्टी बांधली गेली. पण त्याच्याही आधी, विमानं नवी होती तेव्हा, त्यांना पक्की पट्टी लागतच नव्हती. सपाट, गवताळ मैदान आणि वारा दाखवणारी एक कापडी नळी, एवढ्यावर भागायचं. आज त्या जुन्या विमानांची आणि ती जमिनीवर उतरवण्याच्या कसबाची गोष्ट सांगते. तुम्ही म्हणाल, आपला विमानाशी काय संबंध? आहे. ऐका.

आजच्या विमानाला एक चाक नाकाखाली असतं आणि दोन चाकं मागे, पंखांच्या बाजूला. जुन्या विमानांचं उलट होतं. दोन मोठी चाकं पुढे आणि शेपटीखाली एक लहान चाक. काहींना तर चाकही नाही, नुसती एक घसरती पट्टी. त्यामुळे जमिनीवर विमान बसलेल्या कुत्र्यासारखं दिसायचं, नाक वर आणि शेपूट खाली. याचा फायदा असा, की पुढचा पंखा जमिनीपासून उंच राहायचा, दगडगोट्यांवर आपटायचा नाही. तोटा असा, की चालवणाऱ्याला समोरचं काही दिसायचं नाही. जमिनीवरून जाताना नागमोडी जायचं आणि दोन्ही बाजूंनी डोकावून वाट बघायची.

खरी परीक्षा उतरताना. उसाची ट्रॉली जोडलेला ट्रॅक्टर तुम्ही पाहिला आहे. पुढे जाताना ट्रॉली गुमान मागे येते. तीच ट्रॉली मागे घ्यायला लागलं, की चाक जरासं चुकलं तरी ती आडवी होते. शेपटीच्या चाकाच्या विमानाचं तसंच. त्याचं बरंचसं वजन मोठ्या चाकांच्या मागे असतं. जमिनीवर धावताना विमान जरा वाकडं झालं, की मागचं वजन पुढे यायला बघतं आणि अख्खं विमान गर्रकन फिरतं. पंखाचं टोक जमिनीला घासतं, चाकाचा पाय मोडतो. आकाशात शंभर मैल नीट आलेलं विमान शेवटच्या शंभर पावलांत असं मोडायचं.

म्हणून उतरण्याच्या दोन रीती शिकवत. पहिली, तिन्ही चाकं एकदम टेकवायची. विमान जमिनीच्या अगदी जवळ आणायचं आणि तिथंच तरंगत ठेवायचं. हातातला दांडा हळूहळू पोटाकडे ओढत राहायचं. वेग संपत जातो, नाक वर होतं, आणि पंखांना आणखी पेलवेनासं झालं की विमान तिन्ही चाकांवर अलगद बसतं. दुसरी रीत जोराच्या, झोताच्या वाऱ्यात कामाची. पुढची दोन चाकं आधी टेकवायची, शेपूट वर ठेवून धावायचं, आणि वेग कमी झाला की शेपूट खाली येऊ द्यायची. यात समोरचं दिसतं, पण वेग जास्त असतो. जोरात टेकलं तर विमान चेंडूसारखं उसळतं. तेव्हा घाबरून दांडा पुढे ढकलला तर नाक जमिनीत जातं. अशा वेळी इंजिनाला जोर द्यायचा, पुन्हा वर जायचं आणि आणखी एक फेरी मारून यायचं. त्यात कमीपणा नाही, हे नवशिक्याला पहिल्यापासून सांगत.

वाऱ्याचं म्हणाल तर तुम्हाला वेगळं सांगायला नको. खळ्यावर उफणताना आपण आधी वारा बघतो आणि मग सूप उचलतो. विमान वाऱ्याच्या समोर उतरवतात, म्हणजे जमिनीवरचा वेग कमी होतो. गवताच्या मैदानात कुठल्याही दिशेनं उतरता यायचं. पक्क्या पट्ट्या आल्या आणि दिशा ठरून गेली. वारा आडवा असला तरी त्याच रेषेत उतरणं भाग पडलं. गवतावर चाक थोडं घसरून सावरायचं, पक्क्या पट्टीवर ते धरून बसतं. मग सगळं काम पायांवर आलं. पायाखालच्या पेडलांनी शेपटीचं सुकाणू हलतं. त्याला लहान लहान दाब देत विमान सरळ ठेवायचं, आणि पूर्ण थांबेपर्यंत पाय सैल सोडायचे नाहीत.

आपल्या देशात हे सगळं कधी सुरू झालं? जे. आर. डी. टाटांनी १९२९ साली विमान चालवण्याचा परवाना मिळवला. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी त्यांनी टपाल घेऊन कराचीहून अहमदाबादमार्गे मुंबईच्या जुहूला विमान आणलं. तेही शेपटीवर बसणारं, पस मॉथ नावाचं लहान विमान. जुहूचं मैदान पावसाळ्यात पाण्याखाली जायचं, म्हणून तेवढे महिने सगळं काम पुण्याला हलवावं लागायचं.

आणि बाया कुठे होत्या? तिथंच होत्या. १९३२ साली ऊर्मिला पारिख यांना परवाना मिळाला. १९३६ साली लाहोरला सरला ठकराल यांनी जिप्सी मॉथ विमान एकटीनं चालवलं. वय एकवीस, घरी लहान मुलगी, अंगावर साडी. पुढे त्यांनी हजार तास उड्डाण केलं. प्रेम माथूर यांनी १९४७ साली प्रवासी विमान चालवण्याचा परवाना घेतला, तर आठ कंपन्यांनी त्यांना नकार दिला. शेवटी हैदराबादच्या डेक्कन एअरवेजनं घेतलं. त्या कंपनीची डकोटा विमानंही शेपटीच्या चाकाचीच होती. १९४९ साली त्यांनी विमानांची राष्ट्रीय शर्यत जिंकली.

विमान चालवणं हे ताकदीचं, म्हणून पुरुषाचं काम, असं तेव्हा सर्रास मानलं जायचं. पण आता सांगितलेल्या रीती आठवून बघा. त्यात दंडाचा जोर कुठे आहे? हलका हात, जागे पाय, वाऱ्याचा अंदाज आणि शेवटपर्यंत लक्ष, एवढंच आहे. डोक्यावर दोन हंडे घेऊन बांधावरून चालणाऱ्या बाईला हे कळायला वेळ लागणार नाही.

यात आपल्या भागाचाही वाटा आहे. कोल्हापूर जिल्ह्यातले डॉ. विष्णू माधव घाटगे जर्मनीत शिकून आले. त्यांच्या हाताखाली बंगळूरच्या हिंदुस्थान एअरक्राफ्ट कारखान्यात आपल्या देशाचं स्वतःचं शिकाऊ विमान तयार झालं. नाव एचटी-२. ते १९५१ साली पहिल्यांदा उडालं. एकामागे एक दोन जागा, अंग सगळं धातूचं, आणि चाक शेपटीखाली. दीडशेच्या वर विमानं बांधली गेली, काही आफ्रिकेतल्या घाना देशालाही दिली. आपल्या हवाई दलातल्या वैमानिकांच्या कितीतरी तुकड्या उतरायला शिकल्या त्या याच विमानावर.

पुढे नाकाखाली चाक असलेली विमानं सगळीकडे आली. त्यांचं वजन मोठ्या चाकांच्या पुढे असतं, म्हणून ती वाकडी झाली तरी आपोआप सरळ होतात. शिकणं सोपं झालं. तरी जुनी विमानं जपणारे लोक आजही म्हणतात, पाय शिकवावेत ते शेपटीच्या चाकानंच.

आपल्या गटात ट्रॅक्टर किंवा मालवाहू टेम्पो घ्यायची गोष्ट निघाली, की पहिला प्रश्न येतो, "चालवणार कोण?" आणि आपण घरातल्या पुरुषाचं नाव लिहून मोकळ्या होतो. पुढच्या बैठकीत त्या जागी एखाद्या सभासद बाईचं नाव लिहून बघा. ती पहिल्यांदा ट्रॉली मागे घेईल तेव्हा ट्रॉली आडवी होईल. होऊ दे. पुढे घ्यायची, सरळ करायची, आणि पुन्हा मागे घ्यायची.